स्क्रीनचं शीर्षासन

क्लेम जेल्बर्टला कॉम्प्युटरचा नाद लागला तेव्हा मूंटा गावात तो शब्दसुद्धा कुणी फारसा ऐकला नव्हता. टपालाने सुटे भाग मागवून, परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बोटं भाजून घेत त्याने पहिलं यंत्र जोडलं. त्या यंत्राला फक्त बेरीज यायची, तीही त्याच्या मनात असेल तर. "बेरीज मलाही येते," बायको म्हणाली होती. ती बिचारी गेली, नाद मात्र राहिला.

थर्झा ट्रेझाइज ही त्याची शाळेपासूनची मैत्रीण. सत्तरी उलटल्यावर तिने भाच्याचा जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि क्लेमचा फोन घणघणायला लागला. "क्लेम, बाण हरवला रे." "क्लेम, सगळी अक्षरं मोठीच उमटताहेत. मी काही कुणावर ओरडत नाहीये!" क्लेम सायकल काढायचा, दोन गल्ल्या ओलांडून जायचा, दोन बटणं दाबून सगळं ठीक करायचा आणि पुढे चहाची किटली रिकामी होईपर्यंत जुन्या यंत्रांच्या गोष्टी सांगत बसायचा. आयुष्य कसं छान चाललं होतं.

मग एकाएकी फोन बंद. आठवडा झाला तरी थर्झाची एकही अडचण नाही. क्लेमने आपला फोन बिघडला की काय तेही पाहिलं. शेवटी तिचं एक भांडं परत द्यायचं निमित्त काढून तो गेला.

"दार उघडंच आहे!" आतून आवाज आला. स्वयंपाकघरात पेस्ट्यांचा, म्हणजे मटण-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंज्यांचा, वास दरवळत होता. टेबलापाशी थर्झा चष्मा लावून टाइप करत होती. समोरची स्क्रीन मात्र चक्क डोक्यावर उभी होती. तिचं बूड छताकडे, आणि पडू नये म्हणून एका बाजूला वीट, दुसऱ्या बाजूला पावाचा डबा.

"थर्झा, हे काय?"

"जत्रेतल्या पेस्टी स्पर्धेची जाहिरात. आज गावात लावायची आहे."

"ते नाही गं! स्क्रीन उलटी का?"

"उलटी नाही, सुलटी आहे. मी कीबोर्डवरचा पेस्टीचा चुरा पुसत होते, तर आतलं सगळं एकदम उलटं झालं. मग मी बाहेरचं उलटं केलं. झाली बरोबरी. छापून कागद सरळच येतो." तिने अभिमानाने एक कागद हलवून दाखवला.

क्लेम मटकन खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत त्याने कितीतरी यंत्रं दुरुस्त केली होती, पण हा उपाय त्याच्या स्वप्नातही आला नसता.

"मला फोन का नाही केलास?"

थर्झाने चष्मा काढला. "खरं सांगू? रागावशील."

"नाही रागावत."

"तू येतोस, टकटक करतोस, कसं केलंस ते दिसतही नाही. मग मला तुझ्या त्या बेरजेच्या यंत्राची गोष्ट सांगतोस. ती आता मला तुझ्यापेक्षा चांगली येते, क्लेम. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत मी होते तिथेच."

क्लेम रागावला नाही. पण लागलं त्याला. आणलेलं भांडं त्याने टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "बरं. तूच कर आज. मी हात लावत नाही."

"लावशील. मी ओळखते ना तुला. हातांवर बस."

"काय?"

"मांड्यांखाली घाल हात. आणि मी विचारेन तेवढंच सांगायचं. जास्त बोललास की तोंडात पेस्टी."

दोघांनी मिळून आधी स्क्रीन पायांवर उभी केली. आतलं चित्र आता डोक्यावर. क्लेम हातांवर बसला.

"कुठून सुरू करू?"

"मोकळ्या जागी माउसचं उजवं बटण दाब. पूर्वी ना, माउसच नसायचा, आम्ही तर…"

थर्झाने कोपऱ्यातली पेस्टी उचलली आणि त्याच्या तोंडात कोंबली. बटाटा, मटण आणि सलगम यांच्यामागे पुढचा इतिहास अडला.

उलट्या चित्रात बाणही उलटा पळत होता. उजवीकडे ढकलला की डावीकडे जाई. "अरे, मेल्या, इकडे!" थर्झा त्याला दटावत होती. मान वाकडी करून तिने एकेक ओळ वाचली. क्लेमची बोटं मांड्यांखाली वळवळत होती. त्याला उत्तर दिसत होतं आणि तिचा बाण नेमका त्याच्या शेजारून निघून जात होता. त्याने घसा खाकरला.

"खाकरणंही बोलण्यातच धरेन हं!"

अखेर तिला चित्राची दिशा बदलायची ती ओळ सापडली. आडवं, उभं, आडवं-उलटं, उभं-उलटं. थर्झाने विचार केला आणि 'उभं' निवडलं. चित्र कुशीवर झोपलं. दोघांनी एकदम माना कलवल्या.

"काहीतरी विचारतंय हे. 'बदल ठेवायचा का?' काय सांगू?"

"काहीच सांगू नकोस. गप्प बसलीस तर आपोआप मागे जाईल."

"तुझ्यापेक्षा समंजस आहे," थर्झा म्हणाली. चित्र पुन्हा डोक्यावर गेलं. या वेळी तिने 'आडवं' निवडलं, आणि सगळं सरळ झालं. थर्झाने टाळ्या वाजवल्या, क्लेमने हात मोकळे करून झटकले. दोन्ही हात बधिर झाले होते.

"आता विचारते. तू हे कसं केलं असतंस?"

"मी? कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातली तीन बटणं एकदम दाबली असती. पुसताना तुझ्याकडून तीच दाबली गेली असणार."

"तीन बटणं? आणि तू मला अख्खी सकाळ मान मोडून घेऊ दिलीस?"

"अगं, तूच तर म्हणालीस!"

थर्झाने खुर्चीतली उशी फेकून मारली. मग ती तीन बटणं शिकून घेतली आणि स्क्रीनला लहान मुलासारख्या कोलांट्या मारायला लावल्या.

दुपारी दोघं कागद घेऊन निघाली. बेकरीच्या काचेवर, टपाल कचेरीच्या फळ्यावर, हॉटेलच्या दारावर, दिसेल तिथे डकवत गेली. शेवटी किराणा दुकानात आली तेव्हा तिथल्या लाव्हिनिया होस्किंगने कागद वाचला आणि विचारलं, "स्पर्धा शनिवारी कधीपासून झाली? रविवारी असते ना?"

थर्झाने कागद पुन्हा वाचला. खरंच 'शनिवार' छापलं होतं.

"सकाळभर तू स्क्रीनकडे टक लावून बसला होतास!" थर्झा म्हणाली.

"स्क्रीनकडेच बघत होतो," क्लेम कबूल झाला. "तिच्यावर लिहिलंय काय, ते वाचायची मला सवयच नाही."

लाव्हिनियाला हसू आवरेना. तिने जाड शाईचं एक पेन काढून दिलं. एव्हाना वारा सुटला होता. भर वाऱ्यात दोघं उलट पावली निघाली. क्लेम कागद दाबून धरी, थर्झा 'शनिवार' खोडून 'रविवार' लिही. बेकरीपाशी पोचेपर्यंत तिची टोपी एकदा आणि क्लेमची दोनदा उडाली. दोघं इतकी हसत होती की बेकरीवाल्याने बाहेर येऊन, काय झालं म्हणून विचारलं.