मालिनीबाईंची संकष्टी

"आजी, रात्री बारानंतर तुम्ही काही खाल्लं नाही ना? नथिंग अ‍ॅट ऑल?"

"खाईन कशी गं? आज संकष्टी माझी," असं म्हणून मालिनीबाईंनी हॉस्पिटलच्या पलंगावर बसल्या बसल्या दोन्ही कानांना हात लावले.

ज्ञानदाने नर्सकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "काहीही खाल्लेलं नाही." नर्सने कागदावर खूण केली आणि ज्ञानदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

चढणारच. गेले पाच महिने दर शुक्रवारी ती मरून रंगाचं जाकीट घालून या हॉस्पिटलात येत होती आणि पाच महिन्यांत तिने वैद्यकशास्त्राची जी सेवा केली ती एवढीच, की पेशंटच्या पाण्याच्या जगमध्ये बर्फ भरला. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांचा चष्मा शोधून दिला होता. तो त्यांच्या डोक्यावरच होता.

पण हे केल्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्ञानदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. अमेरिकेत त्यासाठी आधी चार वर्षं कॉलेज, म्हणजे 'प्री-मेड', करायचं, उत्तम मार्क मिळवायचे, परोपकाराचे तास भरायचे आणि मग एखाद्या खऱ्या डॉक्टरने 'ही मुलगी लायक आहे' असं पत्र द्यायचं. हा सगळा क्रम तिच्या बाबांना, म्हणजे राजेशला, पहिल्यांदा कळला तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे बारावी झाली, आणि आता पुढची बारावी चार वर्षं चालणार!" तरीही त्यांच्या पिस्कॅटवे गावातल्या प्रत्येक मराठी घरात 'आमची ज्ञानदा मेडिकलला' हे सांगून तो मोकळा झाला होता. परिणामी गणपतीच्या आरतीनंतर लोक प्रसाद घेता घेता तिला गुडघे दाखवत. केमिस्ट्रीत तिला बी मायनस मिळालं होतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आता सगळी भिस्त पत्रावर होती.

आणि आज ते पत्र आपल्या पायांनी चालत आलं होतं.

झालं होतं असं, की सांगलीहून मुलाकडे आलेल्या मालिनीबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. आज ऑपरेशन. मुलगा प्रसन्न त्यांना पोचवून गाडी लावायला गेला, तो पार्किंगमध्येच हरवला. नर्सने नियमाप्रमाणे टेलिफोनवरचा दुभाषा लावला, तर तो निघाला हिंदीवाला. मालिनीबाईंनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. "हिंदी येते मला," त्या म्हणाल्या, "पण पोटातलं दुखणं हिंदीत कसं सांगू?" तेवढ्यात बर्फाची बादली घेऊन ज्ञानदा दारातून जात होती. नर्सने तिच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि तिला आत ओढलं. स्वयंसेवकांनी औषधपाण्याच्या बाबतीत दुभाष्याचं काम करायचं नाही, असा कडक नियम होता. ज्ञानदाला तो तोंडपाठ होता. पण बर्फ भरून कंटाळलेल्या माणसाला नियम जरा उशिराच आठवतात.

सर्जन स्वतः येऊन गेले. उंच, पिकल्या केसांचे, घाईतले. ज्ञानदाने त्यांचे प्रश्न मराठीत आणि मालिनीबाईंची उत्तरं इंग्रजीत फटाफट केली. "मोलकरणीच्या काकूलाही असंच झालं होतं," एवढा भाग तिने गाळला. जाता जाता सर्जन म्हणाले, "छान काम केलंस. प्री-मेड आहेस? पत्र लागेल तेव्हा माझ्याकडे ये."

ज्ञानदाला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण हातात बादली होती.

मग पलंग निघाला. ढकलणारा माणूस मागे, आणि मालिनीबाईंनी हात सोडायला नकार दिल्यामुळे ज्ञानदा बाजूने चालत. लांबच लांब कॉरिडॉर.

"घाबरला नाहीत ना, आजी?"

"छे गं. गणपती आहे पाठीशी. गेली एक्केचाळीस वर्षं एक संकष्टी चुकवली नाही." आणि मालिनीबाईंनी एक ढेकर दिली. चांगली, भरल्या पोटाची. मग पदर समजून गाऊनचं टोक तोंडाशी नेत त्या पुटपुटल्या, "दाण्याचं कूट जरा जास्तच पडलं वाटतं."

ज्ञानदाची पावलं जागच्या जागी थबकली.

"कशात, आजी?"

"खिचडीत गं. साबुदाण्याच्या. पहाटे उठून केली. सून बिचारी झोपली होती, तिला कशाला उठवा?"

"पण तुम्ही म्हणालात, काही खाल्लं नाही!"

"मग? खाल्लंय कुठे? भात नाही, पोळी नाही. उपास आहे म्हटलं ना?"

ज्ञानदाच्या तोंडचं पाणी पळालं. दोष द्यायचा तरी कोणाला? तिची स्वतःची आई दर चतुर्थीला ताटभर खिचडी, वर रताळ्याचा कीस आणि ग्लासभर ताक घेऊन दिवसभर 'पोटात अन्नाचा कण नाही' असं सांगत हिंडायची. संकष्टी म्हटल्यावर कोणत्याही मराठी पोरीने पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. तिने विचारला नव्हता, कारण ती त्या वेळी डॉक्टर झाली होती.

ऑपरेशन थिएटरचं दार दहा पावलांवर होतं. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणातलं एकच वाक्य तिला आठवत होतं: भरल्या पोटी भूल दिली आणि अन्न उलटून फुप्फुसात गेलं, तर माणूस जिवाला मुकू शकतो. आणि हेही दिसत होतं, की आता तोंड उघडलं तर पत्र गेलं. लाज वाटावी अशी गोष्ट, पण दोन पावलं ती गप्प चालली. थोडीशीच तर खिचडी, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग मालिनीबाईंनी तिचा हात थोपटला आणि म्हणाल्या, "तू आहेस ना बरोबर, मग मला काही काळजी नाही बघ."

"थांबा!" ज्ञानदा एवढ्या जोरात ओरडली, की ढकलणाऱ्याने पलंग भिंतीला लावला.

सर्जन बाहेर आले. ज्ञानदाने सगळं सांगितलं. त्यांना ते एका दमात कळेना.

"म्हणजे या बाई देवासाठी उपाशी आहेत?"

"हो."

"आणि तरी जेवल्या?"

"जेवल्या नाहीत. उपासाचं खाल्लं."

"काय खाल्लं?"

ज्ञानदाने विचारून सांगितलं, "साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, साजूक तूप. दोन केळी. राजगिऱ्याचा लाडू. कपभर दूध."

सर्जननी चष्मा काढून पुसला. "हा उपास?" ते म्हणाले. "मग तुम्ही लोक जेवता तेव्हा काय खाता?"

हसले मात्र नाहीत. ऑपरेशन पुढच्या शुक्रवारवर गेलं आणि पत्राचं नाव पुन्हा निघालं नाही. दुपारी मिसेस नोव्हाक या स्वयंसेवकांच्या प्रमुख बाईंनी ज्ञानदाला बोलावून घेतलं. बाई प्रेमळ होत्या, त्यामुळे शिक्षा अधिकच लागली. वॉर्ड बंद. राहिलेले तास खाली, दाराजवळच्या भेटवस्तूंच्या दुकानात. फुलं, टेडी बेअर, 'लवकर बरे व्हा' लिहिलेले फुगे.

घरी तिने सगळं सांगून टाकलं. राजेशने बायकोकडे मोर्चा वळवला. "उल्का, आज तू काय खाल्लंस?"

"मी? काही नाही. उपास आहे माझा."

"पातेलं कोणी रिकामं केलं मग?"

"खिचडी म्हणजे काय खाणं असतं का?" उल्का फणकारली. मग लेकीच्या तोंडाकडे बघून एकदम मवाळ झाली. "थांबवलंस ना वेळेवर? बस झालं. एक पत्र गेलं, दुसरं मिळेल."

ज्ञानदाला रडू आलं. दुसरं पत्र कुठून मिळणार, हे आईलाही माहीत नव्हतं आणि तिलाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ती दुकानात फुग्यांना रिबिनी बांधत होती, तेवढ्यात समोरून सर्जन कॉफी घेऊन गेले. ज्ञानदा उभी राहिली. ते घाईत होते. टेडी बेअर पाहावेत तसं तिच्याकडे पाहून ते लिफ्टमध्ये शिरले.

त्यांच्या मागोमाग मुख्य दारातून व्हीलचेअर आली. प्रसन्न ढकलत होता, आणि खुर्चीत मालिनीबाई, गळ्यात मफलर, कपाळावर कुंकू.

"थांब रे," त्यांनी मुलाला हुकूम सोडला. "दुकानाकडे घे."

"आई, उशीर होतोय. आणि इथलं काही खायचं नाहीये!"

"खायला नाही, मूर्खा." त्यांनी काउंटरवरून मान वर काढून ज्ञानदाला गाठलं. "तुला वर येऊ देत नाहीत म्हणे, माझ्यापायी?"

"इट्स ओके, आजी. इथे पण छान आहे."

"कसलं छान! फुगे विकतेय पोर." मालिनीबाई सावरून बसल्या. "ते जाऊ दे. ऐक. तेव्हा देवाचा उपास केला होता. आज तुझा केलाय. काल संध्याकाळी सातला जेवले, त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. चहा नाही, दूध नाही, केळं नाही. चूळसुद्धा भरून थुंकून टाकली. वर तो दुभाषा काय सांगायचं ते सांगेल, पण तू आधी बघ."

आणि भर दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मालिनीबाईंनी आऽ करून जीभ बाहेर काढली.

पेशंटशी बोलायचं नाही, असं मिसेस नोव्हाक यांनी बजावलं होतं. प्रसन्न घड्याळाकडे बघत होता. ज्ञानदाने हातातली फुग्याची रिबीन मनगटाला गुंडाळली, काउंटरवर ओणवी झाली आणि ती जीभ नीट, अगदी मागेपर्यंत पाहिली.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "गुड. आता जा, आजी."

मालिनीबाईंनी तोंड मिटलं आणि प्रसन्नला निघण्याची खूण केली.