पोरगा चालून दाखवतो

माझी मावशी, विमलताई, माणसाचं तोंड बघतच नाही. ती पाय बघते. कळंबला आमच्या घरी मला बघायला आलेला पहिला मुलगा टाचा आपटत आला, म्हणून तो मारकुटा ठरला. दुसरा पाय घासत आला, म्हणून आळशी. मी वैतागले होते. पण आई गेल्यावर मला मावशीनंच वाढवलं. तिचा नवरा दारूपायी गेला. अंगणात त्याचं पाऊल वाजलं की आज जेवायचं की मार खायचा, हे तिला चुलीपाशी बसून कळायचं. तिला बोलणार कोण?

वर्ष कापसाचं वाईट होतं. भाव कोसळले होते आणि दारूचे गुत्ते मात्र भरून वाहत होते. मावशीचं एकच म्हणणं होतं, आमची साधना, म्हणजे मी, बिनलग्नाची राहिली तरी चालेल, पण पिणाऱ्याच्या घरी जाणार नाही.

अशात राजदीप आला, सोबत त्याची आई नलूबाई. दारात मावशीची चप्पल उलटी पडली होती. ती त्यानं वाकून सुलटी केली, सगळ्यांना जयभीम घातला आणि मग आत आला. मावशी तेव्हा आत पोहे करत होती, तिनं त्याला येताना बघितलंच नाही. मला तो तिथंच आवडला. खोटं कशाला बोलू?

पोहे खाऊन झाले. नलूबाई म्हणाल्या, "आमचा पोरगा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बाबू हाये. पोरी, जरा चालून दाखव."

मी चालले. रागानं चालले, पण ते त्यांना काही कळलं नाही.

मावशी फणकारली, "आमची चालली. आता तुमचा पोरगा चालून दाखवते."

"असं कुठं असते काय, बाई?"

"आमच्या घरी असते."

राजदीप उठला. एकेक गुडघा नको तितका वर उचलून तो पाऊल टाकत होता, जणू खाली जमीन आहे की नाही याची त्याला खात्रीच नव्हती. वळताना त्याचा तोल गेला आणि त्यानं भिंत धरली.

"झालं पाहून," मावशी म्हणाली. "दिवसाढवळ्या पिऊन आला तुमचा बाबू."

नलूबाई ताडकन उठल्या. मी मान खाली घातली तर समोर त्याचेच पाय, आणि पँटच्या दुमडीत कापसाचे पुंजके अडकलेले. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं.

"तुमी कापूस तुडवून आले काय?"

त्यानं आधी आईकडे बघितलं. "व्हय. पहाटपासून ट्रकात तुडवून राह्यलो होतो. मालक सोडेच ना. मी बाबू नाई, हमाल हावो. आई म्हणे, सांगू नको."

गाडीत जास्त माल बसावा म्हणून कापूस तुडवतात, आणि सैल कापसात पाय मांडीपर्यंत रुततो. दिवसभर तो उपसून टाकत राहिलं की सपाट जमिनीवरही तसाच उचलला जातो. दरवर्षी बैलगाडीत कापूस तुडवून उतरलो की मावशी आणि मी अशाच चालायचो.

मावशीनं तरी खात्री करून घेतलीच. त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "तोंड उघड. हा कर."

"हाऽऽ."

तिनं वास घेतला. पुन्हा घेतला.

"पोह्यातला कांदा हाये नुसता," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "दमलेला माणूसबी असाच चालते व माय. मी इसरूनच गेलती. माह्या घरी तसा कोणी आलाच नाई कधी."

चिडलेल्या नलूबाईही तिच्याशेजारी बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. जरा वेळानं मावशीनं डोळे पुसले.

"साधना, पाणी तापव. मीठ टाक त्याच्यात. जावयाचे पाय शेकू दे."

मी आत गेले ती जवळजवळ उड्या मारतच. या वेळी माझी चाल नलूबाईंना बरोबर कळली.