चादरीच्या घडीतला फोटो

मी एक जुनी पांढरी चादर आहे. खरं तर अर्धीच. उरलेल्या अर्धीची केव्हाच फडकी झाली. मित्रांनो, हसू नका. एके काळी या घरात माझ्याशिवाय फोटो निघत नसे.

गिरणीतून आल्यावर मी दहा वर्षं पलंगावर काढली. मग घरातला मुलगा अपघातात गेला. त्याची तान्ही लेक गुबी आजी-आजोबांपाशी राहिली आणि सूनबाई दूरच्या शहरात नर्सच्या नोकरीला लागली. महिन्यातून एकदा, शनिवारी, ती घरी येई. मधल्या दिवसांत लेक वाढायची थांबते थोडीच!

आजोबांनी जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला होता. फ्लॅशचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "खिडकी असताना बाळाच्या डोळ्यांवर वीज कशाला पाडायची?" ते म्हणत. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीतून ऊन नाही, नुसता मऊ उजेड यायचा. गुबीला खिडकीशी बसवायचं आणि तिच्या सावलीकडच्या गालासमोर आजींनी मला ताणून धरायचं. उजेड माझ्यावर पडून त्या गालावर परतायचा. गुबी पालथी पडली, पहिला दात दिसला, चमचा स्वतःच्या हाताने तोंडात घातला (निम्मा कानात), सगळे फोटो असेच निघाले आणि पाकिटातून सूनबाईकडे गेले. चुकून माझं टोक फोटोत आलं तर आजी बोलणी खात. कौतुक आजोबांचं व्हायचं, हात आजींचे भरून यायचे आणि माझं तर कुणी नावही घेत नसे.

एका मंगळवारी गुबी उभी राहिली. आजोबा कॅमेरा लावून बसलेच होते. तिने माझ्याकडे पाहिलं, कशालाही न धरता तीन पावलं टाकली आणि माझी कड मुठीत पकडली. आजोबांचं बोट आपोआप दाबलं गेलं.

आजींचा चेहरा मात्र उतरला. "हा नका पाठवू हो," त्या म्हणाल्या. "शनिवारी ती येतेय. पहिलं पाऊल तिच्यासमोर पडू दे."

पुढचे चार दिवस पोरीला कडेवर घेऊन आजींची कंबर मोडली. पण गुबी कसली ऐकते! पाठ वळली की हिची स्वारी निघाली.

शनिवारी सूनबाईने खिडकीशी बसून हात पसरले आणि गुबी टुकुटुकु चालत तिच्या मांडीत जाऊन पडली. "चालली! आई, बाबा, बघा ना, चालली!" सूनबाई हसतही होती, रडतही होती.

"तुझीच वाट बघत होती बघ," आजी म्हणाल्या. आजोबांनी फोटो काढला. तो पुढे कित्येक वर्षं भिंतीवर होता.

आजींनी सगळं लपवलं, मोजे तेवढे विसरल्या. दुपारी सूनबाई धुणं काढायला बसली. रांगणाऱ्या बाळाचे मोजे बोटांवर मळतात, चालणाऱ्याचे तळव्यांवर. गुबीच्या चारही जोडांचे तळवे काळेकुट्ट होते. सूनबाईने एकेक मोजा उलटून पाहिला. मग ढिगातून मला ओढून तिने माझ्यात तोंड खुपसलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मला फार वाईट वाटलं. गालावर उजेड परत पाठवायला मी आहे, पण मंगळवार कुठून परत आणू? मोजे धुऊन, तोंड पुसून ती हसत बाहेर गेली.

वर्षं गेली. गुबी शिकायला लांब गेली. आजोबा वारले. त्यांचा कॅमेरा माझ्यात गुंडाळून कपाटात पडून होता. परवा सूनबाईने मला उलगडलं, तेव्हा घडीतून एक फोटो पडला. चालणारी गुबी, तिच्या मुठीत माझी कड आणि कोपऱ्यात आजींची चार बोटं. मागे आजोबांचं अक्षर होतं: 'खरं पहिलं पाऊल. मंगळवार. सूनबाईला सांगायचा धीर झाला नाही.'

"काय सापडलं गं?" अंथरुणावरून आजींनी विचारलं.

"काही नाही, आई. जुनी चादर."

"पोरीचं पहिलं पाऊल तुला बघायला मिळालं. मला तेवढंच समाधान आहे बघ."

सूनबाईचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "हो आई. मी होते ना," ती म्हणाली आणि फोटो पुन्हा घडीत ठेवला.

मित्रांनो, बाळांचे फोटो जरूर काढा, खिडकीशी बसवून काढा. चादर धरणाऱ्यालाही कधीतरी त्यात घ्या. आणि माझं म्हणाल, तर मला फडक्यांत टाकलंत तरी मी कुरकुरणार नाही. पण आजी आहेत तोवर माझी घडी मोडू नका.