चाकांवरच्या मोरीची जमीन

"माझ्या बायकोनं दवाखान्याच्या कातड्यावर उभं राहून आंघोळ करायची? मी काय मेलोय?"

असं म्हणून मिस्त्रीनं मला पायानं बाजूला ढकललं. मी अंगणात गुंडाळी होऊन पडलो होतो. पण मुलगीही त्याचीच. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या लाद्या एका जागी बसणाऱ्या घरात ठीक. हे घर पळणारंय."

मी एक जुना तुकडा आहे, मित्रांनो. ओल्या जागी खाली अंथरतात त्या जाड रबरी शीटचा. रंग राखाडी, अंगावर बारीक बारीक दाणे, दिसायला शून्य. कातडं म्हटलेलं झोंबलं मला, पण उत्तर काय देणार? कारखान्यात आम्ही सगळे एकाच रोलमधून निघालो. बाकीची भावंडं एका दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये कामाला लागली. मी शेवटी उरलो. मग कोपऱ्यात उभा. येणाराजाणारा माझ्यावर झाडू टेकवून जायचा. मिस्त्रीची मुलगी तिथं नर्स होती. तिनं विचारून मला उचललं, स्कूटरला बांधलं आणि घरी आणलं.

अंगणात एक डबा उभा होता. गाडीमागं जोडून ओढायचा, चाकांवरचा. आत पलंग, शेगडी, आणि कपाटाएवढी मोरी. साबण उचलायला वाकलं की कोपर भिंतीला लागणारच. जुनापुराणा डबा आणून मिस्त्रीनं तो स्वतः ठीकठाक केला होता, कारण मिस्त्रीणबाईंना समुद्र बघायचा होता.

त्यांचे पाय सुन्न झाले होते. पाय कुठं संपला आणि जमीन कुठं लागली, तेच त्यांना कळायचं नाही. तोल जायचा. शिवाय आत दुसरं एक दुखणं होतं, त्याचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं. घरी आंघोळीला त्यांना कुणीतरी धरून उभं राहायला लागायचं. कधी मुलगी, कधी मिस्त्री. त्याची त्यांना इतकी लाज वाटायची की आंघोळीची वेळ आली की त्यांना नेमकं डोकं दुखायचं. म्हणून प्रवासाला त्यांनी एकच अट घातली होती. दार आतून लावून एकटीला आंघोळ करता येईल अशी मोरी हवी. ती मिळाली तर समुद्र, नाहीतर मी घरीच बरी.

आता मिस्त्री म्हणजे लाद्या बसवणारा माणूस. गावभर त्याच्या हातच्या मोऱ्या. कुणाच्या घरी पाहुणा गेला तरी चहाआधी फरशीवर टिचकी मारून बघणार, पोकळ वाजते का. त्यानं डब्यातही हिरव्या लाद्या बसवून टाकल्या होत्या, कुणाला न विचारता. कोपरे असे कापले होते की सांधा शोधून सापडू नये. दिसायला भारीच होतं ते, माझ्यासारख्यालाही मान्य.

भांडण मिटवलं मिस्त्रीणबाईंनी. त्या खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, आंघोळ मी करणार आहे ना, मग परीक्षा मी घेते. अंगणात एक उरलेली हिरवी लादी ठेवली, लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांचा एक नमुना ठेवला, आणि मला पसरलं. तिघांवर साबणाचं पाणी ओतलं. मुलीच्या खांद्याला धरून त्या लादीवर उभ्या राहिल्या आणि लगेच उतरल्या. पट्ट्यांवर जरा वेळ थांबल्या, पण पट्ट्यांच्या सांध्यांत पाणी शिरलेलं मुलीनं बोटानं दाखवलं. मग माझ्यावर आल्या. मी होता होईल तेवढा सपाट झालो. त्यांनी टाचा घासल्या, बोटं हलवली. मग मुलीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"अगं," त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर मला माझे पाय कळतायत."

मिस्त्री हिरवी लादी उचलून सदऱ्याला पुसत राहिला.

तर मित्रांनो, मला निवडलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तिथंच माती खाल्ली त्या माणसानं.

मला टाकायचं तर खालच्या लाद्या काढायला हव्या होत्या. मुलीनं सांगितलंही, उद्या त्या उखडा. मिस्त्री हो म्हणाला. हातोडा-छिन्नी घेऊन आत गेला, कडी लावली. छिन्नी लादीवर टेकवली. परत उचलली. पुन्हा टेकवली. जन्मात त्यानं फुटकी सोडून दुसरी लादी फोडली नव्हती, आणि ही तर स्वतःच्या हातची, एकही पोकळ वाजत नव्हती. शेवटी हातोडा ठेवला, सोल्युशनचा डबा उघडला आणि मला लाद्यांच्याच वर चिकटवलं. छान दाबून, कडा भिंतीवर वळवून, काम एक नंबर. बाहेर येऊन म्हणाला, झालं.

माझं डोकं फिरलं होतं. सांगायला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा अंगणातच उभा असताना, मिस्त्रीणबाई आत आल्या आणि त्यांनी कडी लावली. त्या कडीचा आवाज मी विसरणार नाही. आधी नुसत्याच उभ्या राहिल्या. मग पाणी सोडलं. हसल्या, एकट्याच. मिस्त्री बाहेर येरझाऱ्या घालत होता, घडीघडीला विचारायचा, झालं का गं?

"थांबा हो मिस्त्री," आतून त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक आत आहे."

केवढा वेळ आंघोळ केली त्यांनी. टाकी रिकामी केली.

मग निघालो. मुलगी गाडी चालवत होती. रस्ता चांगला होता तोवर ठीक. पुढं खाणीजवळ रस्ता उखडलेला, मोठमोठे ट्रक जाऊन जाऊन नुसते खड्डे. डब्याचा सांगाडा पिळायला लागला, जसं ओलं कापड पिळतात. मी पिळवटलो आणि सरळ झालो, मला काय, मी वाकतो. पण माझ्याखाली कट्ट झालं. मग पुन्हा कट्ट. एकेक लादी तडकत होती आणि तिचा तुकडा खालून माझ्या पोटात घुसत होता.

दुपारी झाडाखाली थांबले. मिस्त्रीणबाई अनवाणी आत आल्या, हातपाय धुतले, बाहेर गेल्या. त्यांना काहीच कळलं नाही. मुलगी मागून मोरीत आली आणि तिला माझ्यावर लाल पावलं दिसली.

टाच कापली होती. सुन्न पायाची जखम म्हणजे खेळ नाही, हे नर्सला सांगायला नको. तिनं पट्टी बांधली आणि गाडी मागं वळवली. समुद्र अजून पुष्कळ लांब होता. वळण्याआधी तिनं माझा फाटलेला भाग उचलून पाहिला. खाली हिरवं चमकलं. तिनं बापाकडे पाहिलं. मग तो भाग पुन्हा खाली दाबला आणि गाडीत जाऊन बसली.

बोलल्या मिस्त्रीणबाई. चिडून नाही, दमल्यासारख्या.

"जन्मभर लोकांच्या मोऱ्या केल्यात. माझ्यासाठी एक फोडवली नाही तुम्हाला?"

घरी आल्यावर मिस्त्रीनं मला जपून सोडवलं आणि लाद्या फोडल्या. सगळ्या. फोडताना त्याच्या तोंडून जे आवाज येत होते ते हातोड्याचे नव्हते. मग प्लायवूड घासून सपाट केलं, मला पुन्हा अंथरलं, फाटक्या जागी माझ्याच कडेचा एक तुकडा कापून ठिगळ लावलं. यावेळी खाली लबाडी नव्हती. जखम भरली की निघू, असं तो रोज म्हणायचा.

जखम भरलीही. पण तोवर दुसरं दुखणं वर आलं होतं. त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या पॅसेजमध्ये माझी भावंडं होती, पण पलंग चाकांचा होता. मिस्त्रीणबाईंचे पाय त्यांना लागलेच नाहीत. जाताना नाही. आणि चादरीनं झाकून बाहेर आणलं तेव्हाही नाही.

मग डबा तसाच उभा राहिला. मोरीच्या जाळीत कोळ्यानं घर केलं. साबणाची वडी माझ्यावर पडून तडकली, कुणी उचलली नाही. धूळ, पाली, वाळलेली पानं. मिस्त्री रोज डब्यापर्यंत यायचा, दाराला हात लावायचा आणि परत जायचा. मला राग यायचा. ये की आत, मी काय चावतो? मग राग जायचा आणि नुसतंच आत काहीतरी दुखत राहायचं, ठिगळाच्या आसपास.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असलं काही मी मागणार नाही. एवढंच सांगतो. कुणासाठी काही करायला घ्याल तेव्हा आपला हात किती चांगला चालतो ते बघू नका. ज्याला त्यावर उभं राहायचंय, त्याचे पाय बघा. आणि हो म्हणालात तर खरंच करा.

आज डबा विकला गेला. घेणारा चांगला वाटला, लहान पोरं आहेत त्याला. मला बघून म्हणाला, हे ठिगळाचं काढून मस्त लाद्या बसवू. मला वाटलं मिस्त्री आता खूश होईल. तो म्हणाला, "नका बसवू." एवढंच.

मग त्यानं विचारलं, एक मिनिट आत जाऊन येऊ का? चपला बाहेर काढल्या. आत आला. कडी लावली. पहिल्यांदाच उभा राहिला माझ्यावर. जड माणूस, तळवे सिमेंटनं खाल्लेले. पायानं शोधत शोधत ठिगळावर आला आणि तिथंच थांबला. नळ कोरडा होता, तरी माझ्यावर पाणी पडलं.

बाहेरून त्या माणसानं दार वाजवलं, काका, झालं का?

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "गिऱ्हाईक आत आहे."

आता तो उतरलाय. पुढं गाडीला आकडा अडकवल्याचा आवाज आला, चाकं हलली. पुढं माझ्यावर लाद्या येतात की काय, मला माहीत नाही. बास. मला निघायला हवं.