अत्तरदाणी

माणूस मेलं की त्याच्या मैत्रिणी वाढतात. जिला शाळेत कुणी शेजारी टेकू दिलं नाही, ती गेल्याचं कळताच वर्गाच्या ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. ‘आपली लाडकी गेली गं!’ ‘देवाला चांगलीच माणसं लागतात.’ पाटीवालीनं हे सगळं दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. नावाच्या पितळी पाट्या कोरणं हा तिचा धंदा. ती त्याच वर्गातली.

गेलेली तिच्या पुढच्याच बाकावर बसायची, एकटी. आई हॉस्पिटलात फरशा पुसायची आणि घरी येऊन त्याच हातांनी पोरीचा युनिफॉर्म धुवायची. फिनेलचा वास मेला काही केल्या जायचा नाही. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं मग तिचं बारसं केलं: अत्तरदाणी. ती दारात दिसली की नाकाला रुमाल लागायचे. “आली गं आली, अत्तरदाणी आली!” ही हुशार मुलगी आज त्याच शाळेत मुख्याध्यापिका आहे. हुशारी वाया जात नाही म्हणतात, ती अशी.

ग्रुपचं ठरलं, शाळेच्या आवारात तिच्या नावानं एक बाक द्यायचं. मुख्याध्यापिका, दातांची डॉक्टरीण आणि एका बिल्डरची बायको अशा तिघी फळांची टोपली घेऊन तिच्या आईला भेटल्या, फोटो काढले आणि तिथून तडक दुकानात आल्या.

“अगं, कमाल झाली,” डॉक्टरीण खुर्ची ओढत म्हणाली. “म्हातारी म्हणते, पाटीवर नाव नको, अत्तरदाणीच लिहा. पोरगी घरी सांगायची म्हणे, शाळेत सगळ्या मला लाडानं अत्तरदाणी म्हणतात. मग आईपण तेच म्हणायला लागली. जन्मभर!”

“कित्ती गोड ना?” बिल्डरीणबाई म्हणाल्या.

पाटीवालीला आधी थट्टाच वाटली. पण तिघींच्या तोंडावर कोर्टातून निर्दोष सुटल्याचं तेज होतं.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? डोळे पुसले,” मुख्याध्यापिका म्हणाली. “मी सांगितलं, ते नाव मीच ठेवलं होतं. तर म्हातारीनं माझा हात कपाळाला लावला गं! मला तर भरूनच आलं.”

“लाज नाही वाटली?”

“हे बघ, गाडलेली मढी उकरू नकोस. पोरं होतो आपण. म्हातारी खूश आहे, तुझ्या पोटात का दुखतंय? पाच अक्षरं कोर आणि मोकळी हो.”

पाच अक्षरं. पाटीवालीनं पितळेची पट्टी पुढ्यात घेतली, पण हात चालेना. कोरावं तर पोरीच्या छळाला पॉलिश करून शाळेत मिरवायचं, न कोरावं तर म्हातारीला कारण सांगायचं. शेवटी दुकान बंद करून ती म्हातारीकडे गेली. मनात एक सोपं खोटं तयार होतं.

“मावशी, ते नाव पाटीवर मावत नाही. खरंच नाव घालू या?”

“मग पाटी मोठी कर की,” म्हातारी हसली. “आणि त्या मोठ्या बाई येणार ना त्या दिवशी? मी त्यांच्या पाया पडणार आहे. बापाविना पोर माझी, कुणीतरी लाड केले तिचे.”

पाटीवालीच्या मस्तकात तिडीक गेली. सोपं खोटं राहिलं बाजूला.

“मावशी, ते लाडाचं नव्हतं. तिच्या कपड्यांना फिनेलचा वास यायचा, म्हणून चिडवायच्या. नाक धरून.”

म्हातारीचा तळहात आपसूक नाकापाशी गेला. तिचं तिलाच कळलं, तसा तिनं तो मांडीखाली दाबून ठेवला.

“मी हाक मारली की ओ द्यायची गं ती,” ती म्हणाली. “शेवटच्या दुखण्यात चमच्यानं पाणी पाजताना तेच म्हणाले मी. तेव्हासुद्धा ओ दिली.”

पाटीवालीला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली.

“आणि ते नाव खरंच त्यांनीच ठेवलं?”

“मोठ्या बाईंनी.”

“जिचा हात मी कपाळाला लावला?”

“तिनंच.”

म्हातारी उठली. फळांची टोपली तशीच कोपऱ्यात होती, वरचा चकचकीत कागदही निघाला नव्हता. तिनं ती उचलून पाटीवालीच्या हातात दिली.

“ही परत कर. आणि बाक नको म्हणून सांग. माझ्या लेकीवर बसायला कुणी नकोय मला.” मग दार उघडून धरत म्हणाली, “तू बरं केलंस, असंही मी म्हणणार नाही. जा आता.”

पाटीवालीनं ग्रुपवर एवढंच टाकलं: ‘आई नको म्हणतात. त्यांना सगळं सांगितलंय.’ रडके चेहरे एकदम गप्प झाले. मग फोन वाजला. मुख्याध्यापिका.

“तुला अक्कल आहे का? पाहुण्यांना बोलावून झालंय, फोटोवाला ठरलाय, बाक येऊन आवारात पडलंय! आता आम्ही करायचं काय?”

“बसा बोंबलत,” पाटीवाली म्हणाली.