मिठातली कुपनं

डोळे मिटा पाहू. जामसंड्यातलं एक दुकान. फळीवर पृथ्वीचा निळा गोल, आणि खाली मान वर करून उभी तुमच्याच वयाची एक मुलगी, किशोरी. चहाच्या पुड्यावरची शंभर कुपनं दिली की तो गोल फुकट. साल २००१, आणि आज शेवटचा दिवस.

किशोरीची आई, आनंदीबाई, दारोदार मासे विकायची. जे घर कुपन देईल, त्याच्या वाट्यावर ती एक पेडवा, छोटासा मासा, जास्त ठेवी. वर्षभरात शंभर कुपनं झाली.

दुकानदार तुकारामभाईंनी तिचा कुपनांचा डबा उघडला आणि नाक धरलं. "आनंदीबाय, ही कुपनां की सुके बांगडे? आणि अक्षरां खंय गेली?"

"पावसात बुरशी धरतली म्हणान मिठात ठेवलंय. आमी मासे तशेच ठेवतंव."

मासे टिकवणाऱ्या मिठानं तेरा कुपनांची शाई खाल्ली होती.

"छापाशिवाय कंपनी घेवची नाय. चार वाजता टपाल जाता."

किशोरीनं आईचा पदर ओढला. "आये, जावंदे. चल घराक."

आनंदीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं नुसते डोळे मिटले. "सत्यवतीकडे काल मुंबयचे पावणे इले, तिचो पुडो आज फुटलोच आसतलो. मास्तरांकडे बुधवारी नवो पुडो, आणि आज बुधवार. रुक्मिणीच्या सासऱ्याक खोकलो, म्हणजे चाय डबल..." बोटांची पेरं मोजत तिनं तेरा घरं सांगितली.

"हिका ह्या सगळा कसा कळता?" तुकारामभाई पुटपुटले. किशोरी तर आईकडे बघतच राहिली.

मायलेकी रिकाम्या हातांनी निघाल्या.

"आज माशांची पाटी नाय गो?" पहिल्याच दारात सत्यवतीनं विचारलं.

"पेडवो उद्या देतंय. आज कुपन काप."

बारा घरी तिचा अंदाज खरा ठरला. तेराव्या घरी, राधाबाईंकडे, नवा पुडा अजून फुटलाच नव्हता. राधाबाईंनी तो तिथल्या तिथे फोडून चहा डब्यात ओतला आणि कात्री घेतली. "आनंदी कदी फुकट मागूक नाय," त्या म्हणाल्या.

चारला पाच मिनिटं असताना गोल किशोरीच्या हातात आला.

घरी पडवीत आनंदीबाईनं पदराला हात पुसपुसून ते निळं पाणी चाचपलं. "येवडो दर्यो?" ती हळूच म्हणाली. "आणि आपलो गाव खंय?"

किशोरीनं किनाऱ्यावरून बोट फिरवलं. गावाचं नाव नव्हतं. साधा ठिपकाही नव्हता.

मग ती उठली. आईच्या पाटीच्या तळाला चिकटलेलं एक चकचकीत खवलं तिनं नखानं सोडवलं, आणि भाताच्या शितानं किनाऱ्यावर बरोबर जागी चिकटवलं.