दादा, उतर

बुधरीने काय म्हटलं होतं, एवढंच विचारायचं आहे.

एवढ्यासाठी पहाटे चालत नदी. भामरागडकडचा पूल पाण्याखाली, म्हणून डोंगा. मग जीप. मग बस. बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही ती बसत नाही, दांडी धरून उभी. कंडक्टर म्हणतो, उभ्याचं तिकीट कमी नाई लागत बाई. लोक हसतात. शेजारी बसलेली रंजीता, तिची भावजय, तिचा हात ओढते. बुधरी बसते. उठते.

काय म्हटलं होतं?

दादा, उतर.

•

पुन्हा. सुरुवातीपासून.

सकाळ. ओढ्याच्या वरच्या अंगाला गोरग्याचं झाड. ताडासारखंच असतं, रस काढतात त्याचा. झाड कोलूचं, म्हणून चढणार कोलू. कमरेला कोयता, दोरीला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. खाली ओढ्यात त्याची धाकटी बहीण बुधरी भांडी घासत

नाही. भांडी नाही. खेकडे धरत होती. भांडी वकीलबाईंच्या कागदात चुकून आली.

तिने मान वर केली. पलीकडच्या बांबूत हिरवे कपडे. पोलिसांची पार्टी. पार्टी दिसली की जागच्या जागी थांबायचं, हात दिसू द्यायचे, झाडावर असलं तर खाली यायचं, पळायचं नाही. गावात हे सगळ्यांना पाठ. पण कोलूची त्या बाजूला पाठ होती. त्याला काही दिसलं नव्हतं. म्हणून तिने हाक मारली. माडियात, घरच्या बोलीत. पार्टीला तिच्या हाकेतला पहिलाच शब्द कळला, कारण तो मराठीतही आहे.

दुसरा, उतर म्हणणारा, निव्वळ माडिया. तो कळला असता तर.

दुसरा कळला नाही. कोलू उतरला, पण उतरतात तसा नाही.

•

आता तो शब्द.

माडियात मोठा भाऊ म्हणजे दादा. मराठीतही तेच. कंडक्टर दादा, किराणावाला दादा, सुई टोचणारा दादा. आणि जंगलातून बंदुका घेऊन गावात यायचे, सगळ्यांना गोळा करून सभा घ्यायचे, जेवण मागायचे, ते पण दादा. दादालोक. दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. आता ते दिसत नाहीत फारसे. शब्द तेवढा राहिला.

पोलिसांच्या अहवालात असं आहे: झाडावरून टेहळणी करणाऱ्या इसमास एका महिलेने ‘दादा’ असा इशारा दिला. इसमाच्या हाती शस्त्र दिसले. स्वसंरक्षणार्थ गोळीबार करावा लागला.

टेहळणी: रस काढणं. शस्त्र: कोयता. इसम: कोलू. महिला: ती.

ठाण्याच्या भिंतीवर फळा आहे, मारल्या गेलेल्या नक्षल्यांच्या फोटोंचा. त्यात शेवटच्या ओळीत कोलू. घरातून नेलेल्या लग्नाच्या फोटोतून कापून लावलाय. कापणाऱ्याचा हात जरा चुकला, म्हणून कोलूच्या शेजारी रंजीताचा हळदीचा खांदा राहिलाय. आठवडी बाजार ठाण्यासमोरच भरतो. रंजीता मीठ घ्यायला जाते आणि आपला खांदा बघून येते.

दंडाधिकारी साहेबांच्या चौकशीत कोलू नक्षली नव्हता असं ठरलं, तरच फोटो उतरेल.

म्हणून ही बस.

•

वकील संघप्रिया चंद्रपूरहून आल्यात. कचेरीसमोरच्या टपरीवर त्या बुधरीला शेवटचं समजावतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे. खोटं बोलायचं नाही. पण तो शब्द तोंडातून काढायचा नाही. मी माझ्या भावाला हाक मारली, एवढंच म्हणायचं. कोणत्या शब्दात, असं विचारलं तर पुन्हा तेच. तुम्ही शब्द उच्चारला की त्यांचा अहवाल खरा ठरतो, तेवढीच ओळ ते उचलतील. मग त्या सराव घेतात.

प्रश्न: तुम्ही काय म्हणालात?

उत्तर: मी माझ्या भावाला हाक मारली.

प्रश्न: काय म्हणून?

उत्तर:

प्रश्न: काय म्हणून, बाई?

रंजीताचं म्हणणं, नाव घेतलं म्हणून सांग ना. कोलू, उतर. झालं. जन्मात बुधरीने मोठ्या भावाचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. ओठ हलवून बघते. को. पुढे जात नाही.

त्या सकाळपासून तिने दादा हा शब्दही टाकलाय. कंडक्टरला म्हणते, ओ. दुकानदाराला म्हणते, ऐका. गावातल्या थोरल्यांशी बोलताना नुसतीच समोर उभी राहते, त्यांनी बघेपर्यंत. जिथे हाक असायची तिथे खड्डा. ती त्याला वळसा घालून बोलते.

•

व्हरांडा. बाकडं. पुकारा झाल्याशिवाय आत जायचं नाही. रंजीता बसलीय, संघप्रिया फोनवर. बुधरी खांबापासून खांबापर्यंत. परत. ऊन नाही पण घशाला कोरड. कोपऱ्यात पाण्याचा कॅन, त्याच्याजवळ साध्या शर्टातला एक माणूस, तोही बसत नाहीये, तोही उगाच पाय बदलतोय. ग्लास दिसत नाही कुठे.

“दादा, गिलास कुठी आहे?”

तोंडातून गेलं. गेल्यावर कळलं.

माणूस दचकला की नाही, तिने पाहिलं नाही. खिडकीतला ग्लास त्याने उचलला, विसळला, भरला, तिच्यापुढे धरला. “घ्या ताई. थंडं हाये.” बोली गोंडपिपरीकडची. ती पाणी प्यायली.

तेवढ्यात पुकारा झाला, जवान प्रफुल. आणि तो माणूस आत गेला.

दार उघडंच. आतलं बाहेर ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, पहिली गोळी कोणाची. तो म्हणाला, माझी. का चालवली. आवाज आला दादा म्हणून, वर माणूस होता, हातात काहीतरी चमकलं. खाली उतरायला सांगितलं होतं का? वेळ नव्हता साहेब.

बुधरीच्या हातात अजून ग्लास होता. तिने तो खाली ठेवला. उचलला. ठेवला.

•

तिचा पुकारा.

खुर्ची दिली, ती उभीच. टेबलापलीकडे साहेब, बाजूला टाइप करणारा बाबू. प्रफुल सहीसाठी कोपऱ्यात थांबलेला. संघप्रिया मागे. साहेबांचा आवाज काही वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, त्या सकाळी तुम्ही काय म्हणालात?

मी माझ्या भावाला

“दादा म्हणलो,” बुधरी म्हणाली. “दादा, उतर. असंच म्हणलो.”

मागे संघप्रियांनी श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. बाबूची बोटं चालू झाली.

“आता बाहेर या माणसाले बी तेच म्हणलो. विचारा त्याले.”

साहेबांनी प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल जमिनीकडे.

“म्हणाल्या का या?”

“हो साहेब.”

“मग तुम्ही काय केलं?”

त्याने दारातून बाहेरच्या कॅनकडे पाहिलं.

“पाणी दिलं,” तो म्हणाला.

बाबूने साहेबांना हळूच विचारलं, हे घ्यायचं का? साहेबांनी चष्मा काढला, घातला. घ्या म्हणाले.

बुधरी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. कागद तिच्यापुढे सहीला आला तेव्हा तिने बोट ठेवून वाचला. साक्षीदार महिलेने जवानास ‘दादा’ म्हणून पाण्याचा ग्लास मागितला. जवानाने पाणी दिले.

“हे काटे काऊन लावले?”

बाबूला कळेना. तिने शब्दाच्या दोन्ही बाजूंना बोट लावून दाखवलं.

ते अवतरणचिन्ह आहे बाई, बाबू म्हणाला. तुम्ही तोंडाने बोललेला शब्द आहे, म्हणून.

“गिलास बी मीच म्हणलो तोंडानं. त्याले नाई लावले.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला, वाचला, म्हणाले, काढा ते. बाबूने काढले. नवा कागद आला. दादा म्हणून पाण्याचा ग्लास मागितला. मोकळा शब्द.

“आणि त्या कागदातले?” तिने पोलिसांच्या अहवालाकडे बोट केलं.

साहेब म्हणाले, तो अहवाल पोलिसांचा आहे, त्याला मला हात लावता येत नाही. माझा निष्कर्ष मी वर पाठवीन. वेळ लागेल. तुम्ही या आता.

दारात रंजीता उभी. तिने नुसती मान वर केली: फोटो उतरवणार का? संघप्रिया म्हणाल्या, चला बुधरी, परतीची बस जाईल, मग डोंगा मिळायचा नाही.

साहेबांनी पुढचा कागद उघडला. प्रफुल सही करून दाराशी गेला, तिथे थांबला, वळला नाही.

बुधरीने खुर्ची ओढली. दिवसभरात पहिल्यांदाच नीट बसली, दोन्ही पाय जमिनीला टेकवून.

चला बाई, बाबू म्हणाला.

ती उठली नाही.